कोपराने मोजलेला समुद्र

बंदरातले लोक मासेमारीची बोट हाकणाऱ्या तांडेलाला ‘थर्मामीटर’ म्हणू लागले ते चेष्टेने, पण पुढे त्या नावाला मान आला. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आई जसं कोपराने बघते, तसा हा बोटीच्या कडेवरून ओणवा होऊन समुद्रात कोपर बुडवायचा. पाणी गार लागलं की म्हणायचा, “टाका जाळं.” मासे गार पाणी धरून राहतात, एवढंच त्याचं शास्त्र, पण त्या शास्त्राने त्याला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

त्याची लेक मात्र खरंखुरं शास्त्र शिकली. बंदरामागच्या समुद्र अभ्यास केंद्रात ती पाण्याच्या तापमानाचे नकाशे बघायची. “आबा, तुमचं कोपर आमच्या ऑफिसात जमा करा, त्यालाही पगार लावून देते,” असं ती म्हणायची, आणि तांडेल मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्या वर्षी समुद्र तापला तो निवेचना. बाहेरच्या खडकाजवळ तेवढा गार पाण्याचा एक चिंचोळा पट्टा उरला. बोट निघायच्या आदल्या संध्याकाळी तांडेल जेवायला बसला, तशी लेक समोर येऊन बसली.

“आबा, या खेपेला त्या पट्ट्यात जाळं टाकू नका. मासे आहेत तिथे, पण सगळ्या मुश्याही तिथेच दाटल्यात. पोटुशा आहेत हो त्या. दरवर्षी पिल्लं द्यायला तिथेच येतात.”

मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. एरवी एखाददुसरी चुकून जाळ्यात यायची. मग तांडेल स्वतःच्या हाताने जाळं कापून तिला सोडायचा आणि खलाशांचे टोमणे खायचा.

“बरं बाई, नाही टाकत,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

पण दुसऱ्या दिवशी जाळं वर यायचं ते रिकामंच. खलाशी गप्प झाले, आणि बडबड्या खलाशांपेक्षा गप्प खलाशी वाईट. तांडेलाने कोपर बुडवलं. कोमट. पुढे जाऊन बुडवलं, तरी कोमट. मग एकदम गार लागलं आणि त्याचा जीव सुखावला. आपण कुठे आलोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. “आलीच एखादी मुशी तर सोडू की,” असं म्हणून त्याने खूण केली.

जाळं ओढताना यंत्र कण्हायला लागलं. मासे होते, कोपर खोटं बोललं नव्हतं. पण माशांहून मुश्याच जास्त. त्यांना पोहत राहिलं तरच श्वास मिळतो. जाळ्यात अडकून साऱ्या गुदमरल्या होत्या. फळ्यांवर पडताच एकीच्या पोटातून पिल्लं बाहेर आली. तांडेलाने ती ओंजळीत घेऊन पाण्यात सोडली. दिवस भरले नव्हते त्यांचे. ती पोहली नाहीत, नुसती तरंगत राहिली.

घरी आल्यावर त्याने लेकीला सगळं सांगितलं. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती उठून आत गेली, आणि कोपराची थट्टा त्या घरात पुन्हा कधी झाली नाही.

पुढे समुद्र निवला. विणीचे दिवस येऊन गेले, मग आणखी एकदा येऊन गेले. कुणाच्याच जाळ्यात मुशी आली नाही. तिसऱ्या वर्षी निघण्याआधी तांडेलाने आपणहून विचारलं, “खडकाजवळचा पट्टा टाळतो गं. अजून किती दिवस टाळू?”

लेकीने समोरचा नकाशा मिटून ठेवला.

“टाळू नका, आबा. खुशाल टाका जाळं,” ती म्हणाली. “आता तिथे कुणी येत नाही.”