जागा धरणारी

“तू ऊठ ना. तुम्हा लोकांना उभं राहायची सवय असते.”

सर हे मराठीत म्हणाले. सिंगापूरच्या तांजोंग पगारमधल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या उघड्या हॉलात, भर दुपारी, सगळ्या टीमसमोर. टेबलाभोवती चिनी होते, एक मलाय होता, एक फिलिपिनो होती. त्यांना दिसला तो फक्त सरांचा हसरा चेहरा. शब्द कळले दोघींनाच. मला आणि मेघनाताईला. मेघनाताई खुदकन हसली.

मी उठले.

ज्या स्टुलावरून उठले ते मीच धरून ठेवलं होतं. शेजारची सगळी मीच धरली होती. इथे जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये जागा मिळायची मारामार. म्हणून लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि जेवण आणायला जातात. पाकीट दिसलं की जागा घेतलेली. कुणी हात लावत नाही.

सरांना दर शुक्रवारी टीमबरोबर तिथे जेवायची हौस. कंपनीचे आशियाचे प्रेसिडेंट, पण बघा, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून फिश सूप पितात! फोटो निघायचे. साधेपणाचं कौतुक व्हायचं. आणि त्या साधेपणासाठी अर्धा तास आधी जाऊन घामाघूम होत टेबलं कोण अडवणार? मी. प्रेसिडेंटच्या ऑफिसातली प्लॅनिंगची सीनियर मॅनेजर. बोर्डासमोर सर जे भाषण करायचे ते मी लिहायचे. आणि शुक्रवारी टिश्यू मांडायचे.

त्या दिवशी सरांनी एक गोरा पाहुणा ऐन वेळी बरोबर आणला. ती स्टुलं जमिनीत रोवलेली असतात, एखादं जास्तीचं ओढून आणता येत नाही. एक माणूस वाढला की एकानं उभं राहायचं. माझ्या शेजारी परवाच लागलेली ट्रेनी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. नजर थेट माझ्यावर आली.

मी ट्रे हातात घेऊन उभी राहिले. ट्रेमध्ये चिकन राइस. उभ्यानं एका हातानं कसा खायचा चिकन राइस? नाही खाल्ला. येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खाल्ले. एकच बाई जागेवरून उठली. स्यू लिंग, सरांची सेक्रेटरी. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची. तिला मराठीचा गंध नव्हता, पण काय झालं ते तिला बरोबर कळलं होतं.

“यू सिट. आय फिनिश ऑलरेडी,” ती म्हणाली.

तिचा वाडगा अर्धा भरलेला होता. मी बसले नाही. भ्याले. ती पुन्हा बसली आणि तिनं उरलेलं सूप तसंच ठेवलं.

तुम्हा लोकांना. कोणत्या लोकांना? हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती.

मला नोकरीवर घेताना सर म्हणाले होते, “आपली मराठी मुलगी आहे.” केवढा आनंद झाला होता मला. मेघनाताई सरांची चीफ ऑफ स्टाफ. म्हणजे सरांना कोण भेटणार, कोण नाही, हे ठरवणारी. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम काय म्हणतेस? ताई म्हण मला.” मी म्हटलं. आठवड्याभरात तिनं विचारलं, “आडनावावरून काही अंदाज येत नाही गं. मूळच्या कुठल्या तुम्ही?” मी गावाचं नाव सांगितलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

मग गुढीपाडव्याला तिनं बुकित तिमाहच्या तिच्या कॉन्डोवर बोलावलं. बोलता बोलता मी मोबाइलवर माझ्या माहेरच्या नव्या घराचे फोटो दाखवले. एका फोटोत बाबा खुर्चीमागे उभे होते आणि भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्याचा, तो फोटो. आमच्या प्रत्येक घरात असतो तो. मेघनाताईनं बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. “अच्छा,” म्हणाली. मोबाइल परत दिला. एवढंच. श्रीखंडाची वाटी मला दिली ती वाटी नव्हती, कागदाचा कप होता. बाकीच्यांच्या हातात स्टीलच्या वाट्या. मी मनाला समजावलं, वाट्या संपल्या असतील. आपल्या मनाला आपणच किती फसवतो याची लाज वाटते.

त्यानंतरच्या शुक्रवारपासून टिश्यू मांडायचं काम माझं झालं.

आता तुम्ही म्हणाल, सिंगापूरच्या काचेच्या टॉवरमध्ये कुठली आलीय जात? आलीय. विमानातून आलीय. सामानात नीट घडी घालून आलीय.

त्या ऑफिसात कुणाचाच पाय स्थिर नव्हता. सर तोंडावर कुणाला काढत नसत. ते जागा बदलत. शुक्रवारच्या जेवणाला सरांच्या उजव्या हाताला जो बसेल, त्याचं नशीब फळफळलं. ज्याला टेबलाच्या टोकाला, ट्रे परत करायच्या मांडणीशेजारी बसवलं, तो महिन्या-दोन महिन्यांत सामान गोळा करून जाणार. कोण कुठे बसेल ते मेघनाताई मला सकाळी तोंडी सांगायची. मग मी पाकिटं तशी ठेवायची आणि आलेल्या माणसाला हात करून जागा दाखवायची. माणसं हसत येऊन टोकाला बसायची. त्यांना पत्ता नसायचा. मला असायचा. स्ट्रॅटेजीचा हेड असाच गेला, त्याच्या जागी आलेलीही गेली. जो जाईल त्याचं काम मेघनाताईच्या पंखाखाली. राहिली होती फक्त स्यू लिंग.

स्यू लिंगनं आजवर कितीतरी प्रेसिडेंट येताना-जाताना पाहिले होते. सरांचं दार तिच्या टेबलासमोर. मेघनाताईला ते दार हवं होतं. एक दिवस काहीतरी वेळ चुकली म्हणून सर स्यू लिंगवर सगळ्यांदेखत ओरडले, “स्टुपिड वुमन!” तिनं खुर्ची आत सारली, घरी गेली आणि हेड ऑफिसला तक्रार केली. हेड ऑफिसहून एक बाई चौकशीला येणार असं ठरलं. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“बस,” म्हणाले. पहिल्यांदाच.

मी बसले.

“ती बाई शुक्रवारी आपल्याबरोबर जेवायला आहे. तुझ्या शेजारी बसवतो तिला. सहज बोलता बोलता एवढंच सांगायचं, की स्यू लिंग आतल्या गोष्टी बाहेर फोडते, ऑफिसात भांडणं तीच लावते. बाकी मी बघतो.”

“पण सर, तसं काही नाहीये.”

“अगं, तू मराठी, मी मराठी. परक्या मुलखात आपण एकमेकांना धरून राहायचं नाही तर कुणी?” मग हसून म्हणाले, “तुझा पास संपतोय ना? मेघना सांगत होती. नवा करायला कंपनीनं अर्ज करावा लागतो. करू ना. का नाही करणार?”

माझा एम्प्लॉयमेंट पास, इथे नोकरी करायचा परवाना. त्यावर नवऱ्याचा पास, त्यावर मुलीचा पास. मुलीची शाळा, सेम्बावांगचा भाड्याचा फ्लॅट, सगळा डोलारा त्या एका पासवर. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा. हे सरांना माहीत होतं. उभं करायचं होतं तेव्हा, काल, मी परकी होते. आज खोटं बोलायचं म्हणून मी आपली झाले.

मी “बघते” म्हणून बाहेर आले.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा जिल्हा परिषदेत शिपाई होते. अध्यक्षांच्या दालनात. मीटिंगच्या आधी खुर्च्या मांडायच्या, अध्यक्षांच्या खुर्चीवर स्वच्छ टॉवेल घालायचा, मग दाराशी उभं राहायचं. अध्यक्ष बदलायचे, त्यांच्या मागेपुढे नाचणारे बदलायचे, एकमेकांचे पाय ओढायचे. बाबा तिथेच उभे. लहानपणी मी डबा घेऊन जायचे. एकदा दालन अख्खं रिकामं होतं. खुर्च्याच खुर्च्या. आणि बाबा दारामागे फरशीवर बसून भाकरी खात होते. मी म्हटलं, बाबा, खुर्चीवर बसा की. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

ते सगळं मला त्या क्षणी आठवलं, आणि मी त्यांना शुक्रवारचं सांगून टाकलं. उभं केलं ते, आणि आता काय सांगायला लावताहेत ते.

“बाबा, पोटाचा प्रश्न आहे. अख्ख्या घराचा.”

“पोटाचंच बघून मी उभा राह्यलो माय. गुडघे गेले. आता कुणी बस म्हणलं तरी बसता येत नाही मला.” मग जरा चिडूनच म्हणाले, “तू बस.”

नवऱ्यालाही सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. “तू म्हणशील ते,” म्हणाला, आणि मुलीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मेघनाताईनं सांगितलं, “हेड ऑफिसच्या बाईशेजारी तू. तिच्या पलीकडे सर. स्यू लिंगला टोकाला, ट्रेपाशी.”

मी हॉकर सेंटरला गेले. टेबलं धरली. हेड ऑफिसच्या बाईच्या एका बाजूला माझं पाकीट ठेवलं, दुसऱ्या बाजूला स्यू लिंगचं. सरांचं टोकाला. ट्रेपाशी. आणि पहिल्यांदा माझ्या पाकिटामागे मी स्वतः ट्रे घेऊन बसले. बाकीचे यायच्या आधी.

सगळे आपापले ट्रे घेऊन आले. मी हात करून जागा दाखवल्या. हेड ऑफिसची बाई बसली, स्यू लिंग गोंधळून तिच्या पलीकडे बसली. सर आपल्या जागेकडे बघतच राहिले.

मेघनाताई दात आवळून म्हणाली, “अगं, हे काय मांडलंयस? सकाळी काय सांगितलं होतं?”

सर हसले. तोच हसरा चेहरा. “काही गडबड नको,” मराठीत म्हणाले, “स्यू लिंगला उठव तिथून.”

मी इंग्रजीत बोलले. मोठ्यानं. “सर मला सांगताहेत की स्यू लिंगला इथून उठव.”

हेड ऑफिसच्या बाईनं चमचा खाली ठेवला. तोंड उघडलं होतं, ते आता मिटणार नव्हतं. मी पुढे सांगितलं. याच टेबलाशी सर मला म्हणाले होते, तू ऊठ, तुम्हा लोकांना उभं राहायची सवय असते. तुम्हा लोकांना म्हणजे माझ्या जातीला. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या ज्यांना बसू दिलं नाही, त्या जातीला. आणि परवा केबिनमध्ये सांगितलं, स्यू लिंगबद्दल खोटं बोल, मग तुझा पास नवा करू.

“दॅट्स अ जोक,” सर म्हणाले. “आमच्यात असं प्रेमानं बोलतात. फॅमिलीसारखं.”

मी मेघनाताईकडे वळले. इंग्रजीतच विचारलं, “तू तिथे होतीस. तुला मराठी कळतं. सर हे म्हणाले की नाही? तू हसलीस की नाही?”

मेघनाताई आपल्या सूपकडे बघत बसली.

मग सर खाली वाकले. माझ्या कानाशी, पुन्हा मराठीत, हळूच. “पास विसर आता.”

मी तेही इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांना. “सर म्हणताहेत, पास विसर आता.”

सरांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हसरा नव्हता. इतकी वर्षं ते आपल्या भाषेच्या आडोशाला बिनधास्त उभे होते. त्यांना वाटलं होतं, ती भाषा त्यांच्या एकट्याच्या बापाची आहे.

स्यू लिंगनं माझा ट्रे माझ्यापुढे सरकवला. “ईट लाह. कोल्ड ऑलरेडी.” खा गं, गार झालं.

मी खाल्लं. बसून. शेवटच्या दाण्यापर्यंत. उभ्याउभ्याच निघून गेले ते सर.

यानंतर न्याय झाला असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. सर अजून प्रेसिडेंट आहेत. भाषा जपून वापरा असा त्यांना सल्ला मिळाला म्हणे. मेघनाताईला दुसऱ्या खात्यात बढती मिळाली. स्यू लिंगला दारापासून हलवून खालच्या मजल्यावर बसवलं. माझ्या पासचा अर्ज कंपनीनं केला नाही. नवरा भारतात नोकरी शोधतोय, मुलगी विचारते शाळा कुठली, मी म्हणते ठरायचंय.

मी लेखी तक्रार दिली, तर एचआरचा माणूस म्हणाला, तुमची तक्रार आम्ही “गैरसमज” या सदराखाली घेतो. मी म्हटलं, जात लिहा. तो म्हणाला, आमच्याकडे तसं सदर नाही. मी म्हटलं, मग नवं उघडा. तोवर मी हलत नाही. दुपारभर बसले. शेवटी त्यानं तो शब्द माझ्यासमोर टाइप केला.

पुढच्या आठवड्यात कंपनीत त्या तक्रारीची सुनावणी आहे. निरोप आलाय, एकटीच या, आवाज न करता मिटवून टाकू. काही मराठी ओळखीचेही सांगताहेत, कशाला चव्हाट्यावर आणतेस, परदेशात आपलीच शोभा. शोभा माझी नाही होणार. ज्यांची व्हायची त्यांची होऊ दे. मी प्रत्येक शब्द मराठीत म्हणेन आणि मग इंग्रजीत, मोठ्यानं, जो कुणी तिथे असेल त्याच्यासाठी.

त्या खोलीत खुर्च्या कुणी मांडल्यात, किती मांडल्यात, मला माहीत नाही. माझी नसेल तर मी टेबलावर बसेन. उभी राहून बोलणार नाही.