काउंटरवर मी ‘इंग्लिश’ म्हणालो

बायकोचा आवाज न ऐकताच मी तिला “झकास झालाय” असं सांगितलं. चूक माझीच, आणि त्या चुकीला माझ्याकडे सबब नाही.

टाउनमधल्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या, एका आर्ट गॅलरीत ऑडिओ गाइड मिळतो. मोबाइलएवढं यंत्र. चित्राशेजारचा नंबर दाबून ते कानाला लावलं की त्या चित्राची माहिती ऐकू येते. त्यातला मराठी आवाज माझ्या बायकोचा आहे. ती शाळेत मराठी शिकवते. कुणाच्या तरी ओळखीने हे काम आलं आणि दिंडोशीच्या आमच्या घरात महिनाभर चित्रांशिवाय दुसरा विषय नव्हता. कुकरची शिट्टी झाली की वाचन थांबायचं, मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. अंधेरीच्या स्टुडिओतून ती बसलेला घसा घेऊन यायची, गरम पाणी प्यायची आणि खुशीत असायची.

गाइड सुरू झाल्यावर मी म्हटलं, “चल, दोघं जाऊ.”

“नको. मी शेजारी असले की तुम्ही तोंडदेखलं बोलाल. एकटे जा, शेवटपर्यंत ऐका आणि खरं काय ते सांगा.”

शनिवारी गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “इंग्लिश, हिंदी ऑर मराठी, सर?” मागे रांग होती, सगळे इंग्रजीत बोलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “इंग्लिश.” बँकेत, मॉलमध्ये निघतं तसंच. पहिल्याच चित्रापाशी परक्या बाईचा आवाज आला आणि चूक लक्षात आली. परत जाऊन बदलून घेता आलं असतं. पण आता ‘मला मराठी हवं’ म्हणायची लाज वाटली. शिवाय घरी सगळं ऐकलंच आहे, अशी मी माझी समजूत घातली.

संध्याकाळी दारातच तिने विचारलं, “ऐकलंत?”

“ऐकलं. झकास झालाय.”

“शेवटचं चित्रसुद्धा?”

“हो ना. छान बोललीस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “एवढंच?”

“अगं, आणखी काय? आता हार घालू की काय?”

ती हसली नाही. “बरं,” म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. शेजारणीने कौतुकाने विचारलं तेव्हाही “झालं आपलं काहीतरी,” म्हणून उडवून लावलं. एवढी मेहनत केलेली बाई असं बोलली ते माझ्यामुळे, हे मला कळत होतं. पुढच्या रविवारी काम आहे असं आणखी एक खोटं सांगून मी पुन्हा गॅलरीत गेलो. “मराठी द्या,” म्हटलं. मुलगी सहज “हो काका,” म्हणाली आणि यंत्र हातात ठेवलं. एवढंच होतं ते.

शेवटचं चित्र कोकणातल्या एका घराच्या दाराचं. उंबऱ्यावर म्हातारी बसलेली, डोळे वाटेकडे. बायको शांतपणे रंगांविषयी, उन्हाविषयी सांगत होती. मग म्हणाली, “ही आई घरी आलेल्या मुलाला काय म्हणेल?” आणि तिचा आवाज बदलला, मालवणी झाला. “इलंस रे झिला? आधी पेज जेव.”

त्या आवाजात माझी आई होती. मी ऑफिसातून आलो की ‘झिला’वर अस्साच हेल काढून ती हेच म्हणायची. ती गेल्यापासून मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या शेवटच्या आजारपणात बायकोनेच तिचं सगळं केलं. तो हेल हिच्या कानात राहिला होता. घरच्या सरावात हे वाक्य कधीच नव्हतं. तिने ते माझ्यासाठी लपवून ठेवलं होतं, आणि मी ‘छान बोललीस’ म्हणून मोकळा झालो होतो. मी नंबर पुन्हा दाबला. मग पुन्हा.

घरी आलो तेव्हा ती मेथी निवडत होती. मी तसाच तिच्यासमोर बसलो.

“चपला काढा आधी. झालं काम?”

चपला काढल्या.

“त्या शनिवारी मी इंग्लिश घेतलं होतं,” मी म्हणालो. “तुझा आवाज ऐकलाच नव्हता. खोटं बोललो. आईला आज ऐकलं. माझं चुकलं गं, माफ कर मला.”