एकोणीस गुणांचा शब्द

आमच्या साडूंच्या डोक्यात आहे तितकं अचूक आणि तितकंच निरुपयोगी ज्ञान अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल. तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं देवाला लागतात, नाहीतर डॉक्टरला. हे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून पटावर शब्द करायच्या खेळाला लागले. बोईसरला त्यांच्याकडे चहाला जाणं म्हणजे ‘झॅक्स’ ऐकणं. झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार, मूळ जुन्या इंग्रजीतला सुरीवाचक शब्द, आणि पटावर गुण एकोणीस. शेवटचा आकडा ते आवाज खाली आणून सांगतात, जणू मूठभर साम्राज्य हाती लागलं आहे. तसं छप्पर त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही, आणि बँकेत कोणी इंग्रजीत बोललं की ते बायकोला पुढे करतात.

मासवणला एका जुन्या सहकाऱ्याकडे आम्ही समाचाराला गेलो होतो. घरात रडारड चालू होती आणि साडू आढ्याकडे बघत होते. मला वाटलं, गहिवरले. तर म्हणाले, “अशा छपरासाठी इंग्रजीत एक हत्यार आहे, झॅक्स.” कोपऱ्यातली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “आमची कौलं हायेत, पाव्हणं. नि घरातला मानूस गेलाय.”

त्यावरही त्यांनी तिला गुण सांगितलेच.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण स्वतःच्या मुलीला बघायला येणाऱ्या मुलांपुढेही ते पट मांडू लागले. एकाला सोंगट्या उलट्या लावल्या म्हणून, दुसऱ्याला शब्दकोश न बघता वाद घातला म्हणून नकार गेला. तिसरा मुलीने स्वतःच निवडलेला होता, सातपाटीचा, घरची बोट आणि मासळीचा व्यापार असलेला. ती आदल्या दिवशी मला म्हणाली, “काका, बाबांनी याला घालवलं, तर मी पुन्हा कोणासमोर बसणार नाही.”

मुलाने बराच वेळ डोकं खाजवून पाच सोंगट्या लावल्या. शब्द झाला ‘रावस’.

“हा इंग्रजी शब्द?” साडूंनी विचारलं.

“हो ना, काका. आमच्या पेट्यांवर इंग्रजीतच छापून येतो. परदेशात जातो माल. आमी नाय बनवला.”

मी मनातल्या मनात लग्नावर पाणी सोडलं. चुकीच्या शब्दाला या माणसाने सख्ख्या भावालाही माफ केलेलं नाही. साडूंनी जाडजूड शब्दकोश ओढला, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं. मुलगी दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“आहे,” साडू म्हणाले. “अर्थ मासा. मूळ आपल्याच किनाऱ्यावरचं. गुण आठ.” आणि शब्दकोश मिटला. त्यांचा चष्मा कपाळावरच होता.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना गाठलं. इतक्या वर्षांनी सूड उगवायची संधी होती. “तो शब्द तुमच्या कोशात नाही, साडूबुवा.”

“नाहीच आहे.” ते सोंगट्या पिशवीत भरत होते, एकेक, सावकाश. “पण पोरीला आता तिथे राहायचंय. तिथे तो चालतो.”

मी पिशवीचं तोंड धरून उभा राहिलो.