निसार सरांचा शुक्रवारचा वर्ग

शनिवारी सकाळी भाभींचा, निसार सरांच्या बायकोचा, गावाहून फोन आला. "मनोहरभाऊ, हे फोन उचलत नाहीत. जरा खोलीवर बघून येता?" मी इथे सौदीत, दम्माममध्येच एका गच्चीवर एसी दुरुस्त करत होतो. हातातला पाना तसाच घेऊन निघालो. घरमालकाच्या चावीनं दार उघडलं. सर कुशीवर झोपल्यासारखे होते... आदल्या दुपारी मीच त्यांना तिथे निजवून आलो होतो. ते गेले त्याला आता सात आठवडे झाले.

निसार सर दापोलीकडचे, मी गुहागरचा. ते इथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकवत आणि उरलेल्या वेळात विद्यापीठात पीएच.डी. करत. मराठीतले कोर्टकचेरीचे कितीतरी शब्द मूळचे अरबी, पण आपल्याकडे येऊन त्यांचे अर्थ बदलले. इथे आलेला आपला माणूस ते शब्द ओळखीचे समजून वापरतो आणि फसतो, हा त्यांचा विषय. भाषेच्या मास्तरानं कायद्यात कशाला नाक खुपसायचं, असं मी विचारलंही होतं. "अरे, माणूस समजून सही करतो, की ओळखीचा शब्द दिसला म्हणून करतो, एवढंच मला बघायचंय," ते म्हणाले. आमच्यातल्या एकानं टॅक्सीवाल्याला वकिलाकडे ने म्हटलं, तर त्यानं नेऊन सोडलं गाड्यांच्या शोरूमला, कारण इथे वकील म्हणजे एजंट. हे ऐकून सरांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पण रत्नागिरीच्या एका वेल्डरची गोष्ट सांगताना ते कधी हसले नाहीत. साहेबानं 'करार' म्हटल्यावर, आता बोलणी होतील, असं समजून त्यानं मान डोलावली. अरबीत करार म्हणजे निर्णय, झालेला. आठवड्याभरात त्याला गावी परत पाठवलं.

त्या वेल्डरपायी त्यांनी आमच्या कामगार कॅम्पच्या जेवणाच्या हॉलमध्ये हे शब्द शिकवायला शुक्रवारचा वर्ग सुरू केला. नमाजनंतर पंधरावीस जण बसायचे. सर मास्तर म्हणून अगदी खडूस. उशिरा आलेल्या फोरमनलाही उभं करायचे. प्रबंध रेंगाळला, विद्यापीठातले मार्गदर्शक चिडले, भाभी मुलींना घेऊन गावी गेल्या, तरी वर्ग चुकला नाही. मला राग यायचा त्यांचा. चार वेळा सांगितलं, आधी स्वतःचं पुरं करा. ऐकतील तर शपथ!

त्या आठवड्यात जिन्यावर छाती दाबून थांबताना मी त्यांना तीनदा पाहिलं होतं. अॅसिडिटी, म्हणायचे. शुक्रवारी वर्गातच घाम फुटून ते खाली बसले. जवळच्या दवाखान्यात नेलं. तोंडावर मास्क चढला. डॉक्टरांनी आधी भराभर इंग्रजीत विचारलं, ते मला झेपलं नाही. मग सरांच्या छातीकडे बोट दाखवून त्यांनी सावकाश, सोप्या अरबीत विचारलं, "अलम... तकरार?" अलम म्हणजे दुखणं, हे मला ठाऊक होतं. तक्रार तर आपलाच शब्द! परक्या मुलखात कुणासमोर तक्रार म्हणायची आपली छाती होत नाही. मी घाईघाईनं दोन्ही हात हलवले. "ला, ला! तकरार माफी!" इथल्या बोलीत माफी म्हणजे नाही. तक्रार अजिबात नाही, असं. डॉक्टरांनी मान हलवून लिहिलं, इंजेक्शन दिलं, उद्या दाखवायला सांगितलं. सर गुंगीतच घरी आले.

गेल्या महिन्यात विद्यापीठातून कागद न्यायला माणूस येणार म्हणून मी त्यांचं टेबल आवरलं. शब्दांची यादी वर्णानुक्रमे होती. आमचा वर्ग 'जामीन'पर्यंत पोचला होता. पुढचं पान उलटलं. 'तक्रार : मराठीत गाऱ्हाणं. अरबीत पुन्हा पुन्हा होणं.' दुखणं पुन्हा पुन्हा होतं का, एवढंच विचारलं होतं त्या भल्या माणसानं. हो म्हटलं असतं तर सर वाचले असते का, कोण जाणे. पण मी नाही म्हटलं, हे खरं.

भाभींना फोन करून सगळं सांगितलं. न सांगता त्यांच्या मुलींशी बोलणं मला जमेना. भाभी रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही बोललात ते त्यांनी ऐकलं होतं?"

ऐकलं होतं. मास्कखालून काही सांगू पाहत होते. माझी बाही धरून ओढत होते. आणि मी त्यांचा हात सोडवून म्हणालो होतो, "सर, तुम्ही गप्प पडा. मी बोलतोय ना."