वासंतीताईंचा चुंबकाचा तराजू

रामनिवास बाग मागे पडली तेव्हा माझे पाय बोलायला लागले होते. दर बुधवारी आम्ही सिव्हिल लाइन्समधून मोतीडुंगरीच्या गणपतीला चालत जायचो. "तुझ्यासारखी भक्ती मला जमत नाही, मी आपली पाय मोकळे करायला येते," असं वासंतीताई म्हणायच्या. पण देवळात हात जोडून माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच उभ्या राहत.

ही त्रेसष्ट सालच्या चैत्रातली गोष्ट. वासंतीताई खासनीस मूळच्या वाईच्या. भाऊ सरकारी नोकरीत, त्याची बदली झाली तशा त्याही जयपूरला आल्या आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये राहू लागल्या. लग्न केलं नव्हतं. एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला मदत करत आणि उरलेल्या वेळात संशोधन. बोटं कायम हिरवी-तपकिरी. त्यांची वहिनी त्यांना दोनदा हात धुतल्याशिवाय कणकेला शिवू देत नसे. भाजी घेताना त्या म्हणत, "भैया, काटा ठहरने दो." भाजीवाला त्यांना काटेवाली बहनजी म्हणायचा. तसं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या दिवशी मात्र त्या चालता चालता बोटांवर आकडे मोजत होत्या.

"काय झालं, ताई?"

"तेच. वजन."

त्यांचं काम मी ऐकून ऐकून पाठ केलं होतं. बारीक काचेच्या नळीत पूड ठासून भरायची, नळी तराजूच्या पारड्याखाली टांगायची, तिचं टोक चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये. चुंबकात वीज सोडली की पूड खाली ओढली जाते आणि वजन वाढतं. किती वाढलं, त्यावरून पुडीतल्या चुंबकपणाचा आकडा काढायचा. ताईंची पूड तांब्याची होती, ऑक्झाइम नावाच्या पदार्थाबरोबर शिजवलेली.

"हिशेबानं तो आकडा पावणेदोन यायला हवा. येतं सव्वा. तीनदा नव्यानं पूड केली, तरी सव्वाच."

"तुमचे कॉलेजातले साहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, माल अशुद्ध आहे. मग म्हणाले, बहनजी, आप साड़ी में पिन लगाकर आती हैं, चुंबक बेचारा क्या करे." ताई जरा हसल्या. "दुसऱ्या दिवशी पदर खोचून गेले. पिना नाहीत, घड्याळ नाही. आलं सव्वाच."

"मग खरं काय?"

रस्त्याकडेच्या दगडावर आम्ही टेकलो. ताई म्हणाल्या, "समज, एका घरात दोन जावा. एकमेकींशी थेट बोलत नाहीत, सगळं सासूमार्फत. थोरली जे म्हणेल त्याच्या उलट धाकटी. दोघींचा जोर दोघींतच जिरतो. बाहेरच्याला वाटतं, या घरातल्या सुनांना तोंडच नाही. माझ्या पुडीत तांब्याचे दोन अणू तसे आहेत. दोन्ही छोटे चुंबकच, पण एक वर तोंड करतो, दुसरा खाली."

"आणि सासू?"

"नायट्रोजन आणि ऑक्सिजन. दोघं मिळून एक सासू."

मी पदर तोंडाला लावून हसले. त्या हसल्या नाहीत.

"साहेबांनी सांगितलंय, शनिवारपर्यंत पावणेदोन आलं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला. म्हणजे आकडा लिही आणि मोकळी हो. काल वही उघडून बसले होते, शकुंतला. एका आकड्याचा तर प्रश्न. कोण बघतंय."

"लिहिलात?"

"नाही. पण आता माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. सव्वा यावं असं मला वाटायला लागलंय ना, मग डोळे तेच बघणार."

मी मनात गणपतीचं नाव घेतलं. उठताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"उद्या उजाडताना माझ्याबरोबर येशील? लूचा गरम वारा सुटायच्या आत, काटा हलू नये म्हणून खिडक्या लावून. नळी मी टांगेन. वजन तू वाच आणि वहीत तूच लिही. किती यायला हवं याच्याशी तुला काही देणंघेणं नाही, म्हणून तुलाच विचारतेय."