मयतीची वेळ तिसऱ्या पानावर

हेमकांतचा फोन सकाळी सकाळी वाजला, की कुणीतरी गेलेलं असायचं. त्याची बायको मोहिनी चहा गाळता गाळता विचारायची, "कोन?" आणि तो गावाचं नाव सांगायचा. नंदुरबारात मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात बसून हा माणूस मयतीच्या बातम्या लावायचा. वेबसाइटचं नाव 'सांगावा'. कोण गेलं, कुठे गेलं, किती वाजता उचलणार, दहावं कधी, सुतक फिटल्याची गंधमुक्ती कधी. बस्स, एवढंच. हसू नका. तापीकाठच्या गावांतली कितीतरी माणसं पोटासाठी सुरतेला जाऊन बसलेली. पूर्वी गावात कुणी गेलं, की एकेकाला फोन करता करता घरच्यांना रडायलाही फुरसत मिळायची नाही. हेमकांतने ते काम आपल्या अंगावर घेतलं. घरच्यांनी फोटो पाठवायचा, त्याने पान करायचं, आणि ते पान घटकाभरात सगळ्या ग्रुपांवर फिरायचं. मयताच्या घरून त्याने कधी एक रुपया घेतला नाही. मेलेल्याच्या नावावर पैसे खातो, असं कुणी म्हटलेलं त्याला सोसलं नसतं.

मग खायचं काय? तर जाहिराती. पानावर एक परदेशी कंपनी जाहिराती लावायची, लोकांनी त्या पाहिल्या की हेमकांतच्या खात्यावर पैसे साठायचे आणि बऱ्यापैकी साठले की कंपनी ते बँकेत पाठवायची. सुरुवातीला आलेही. त्या जोरावर गड्याने कापसाच्या जिनिंगमधली कॉम्प्युटरची नोकरी सोडली. नवीन मशीन घेतलं, त्यासाठी मोहिनीची सोन्याची पोत उमेदमलशेठच्या दुकानी गहाण गेली. "दिवाळीले सोडाई लिऊत," तो म्हणाला होता. मोहिनी नुसत्या काळ्या मण्यांवर दिवाळीला माहेरी गेली, आणि आईने विचारल्यावर पोत पॉलिशला टाकलीय म्हणून सांगून आली.

कारण पैसे अडकले. कंपनीचा मेल आला: तुमच्या पानावर येणारे लोक संशयास्पद आहेत. एकाच शहरातून, एकाच वेळी झुंडीने येतात, चार-पाच सेकंद थांबतात आणि निघून जातात. खरे वाचक असे वागत नाहीत. सबब, वर्षभराची सगळी रक्कम रोखण्यात येत आहे.

आता काय बोलायचं या शहाण्यांना! अरे बाबांनो, मयतीचं पान ते. माणूस नाव बघतो, वेळ बघतो, चपला घालून निघतो. तिथे काय तो मांडी ठोकून कादंबरी वाचणार आहे? आणि सुरतेत गावचे लोक एकाच वस्तीत राहतात, गावातला म्हातारा गेला तर सगळे एकाच वेळी नाही बघणार तर काय पाळी लावून बघणार? हेमकांतने हेच जरा बऱ्या भाषेत लिहून पाठवलं. उत्तर आलं, पण तेच जुनं, शब्दन् शब्द. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. पलीकडे माणूस तरी होता की नाही, देव जाणे.

उमेदमलशेठ पोतीचं व्याज घेताना म्हणाले, "ज्यानं पैसे अडकवले ना, त्याच्या दुकानी जाऊन बस. चहा पाजला तरी उठू नको. आमच्या धंद्यात असंच वसूल होतं."

"दुकान असतं तर आंथरूण घेऊन गेलो असतो, शेठ," हेमकांत म्हणाला. ना दार, ना गादी, ना मुनीम. भांडायचं कुणाशी?

शेवटी होळीनंतर कंपनीकडून एक वेगळी ओळ आली. वाचक पानावर जास्त वेळ थांबतील अशी मांडणी करा, सुधारणा दिसली तर रोखलेल्या रकमेचा फेरविचार होईल. बुडत्याच्या हाती दोर आला असं हेमकांतला वाटलं. त्याने त्याच दुपारी एका पानाची तीन पानं केली. पहिल्यावर फोटो आणि नाव. दुसऱ्यावर मागे कोण कोण राहिलं त्याची नावं. वेळ आणि ठिकाण तिसऱ्यावर. मधे जागोजागी जाहिराती, काही तर थेट 'पुढे'च्या बटनासारख्या दिसणाऱ्या.

मोहिनीने फोनवर बघितलं. म्हणाली, "येळ इतली मांगे काब्र टाकी?"

"दोन पानं उलटतीन लोके. तेन्हामा काय बिघडी जास?"

मोहिनीने फोन खाली ठेवला. पोत तिलाही हवीच होती.

आणि खरं सांगायचं तर काही बिघडलं नाही, महिनाभर. लोक कुरकुरले, उलटली पानं, पोचले जिथे पोचायचं तिथे. तरुण पोरांना सवय असते, खोटं बटन कुठलं आणि खरं कुठलं ते त्यांचा अंगठाच ओळखतो. हेमकांतला आकडे चढताना दिसत होते. त्याला बरं वाटत होतं.

मग वैशाखात तापीवरच्या प्रकाशा तीर्थाजवळच्या एका गावात धनुबाई गेली. पहाटे झोपेतच. सवाष्ण गेली, म्हणून बाया तिला भाग्याची म्हणत होत्या. तिच्या मुलाने, लखनने, हेमकांतला फोटो पाठवला. दुपारी चारला उचलायचं ठरलं. लखनने सुरतेला मामाला फोन केला, "मामा, माय गई," एवढंच त्याच्याने बोलवलं आणि हुंदका फुटला. बाकीचं पान पाठवलं, त्यात सगळं आहे, असं त्याला वाटलं. का वाटू नये? आजवर असायचंच.

मामा म्हणजे चुनीलाल. धनुबाईचा एकुलता एक भाऊ. जन्मभर सुरतेत कापडाच्या मागावर उभा राहिलेला, आता थकलेला, गावच्या वस्तीपासून लांब एकटा राहणारा म्हातारा. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे: सवाष्ण गेली, की तिच्या अंगावर शेवटचं कापड माहेरचं पडतं. भावाने आणायचं. भाऊ येईस्तोवर बाई थांबते.

चुनीलालने पान उघडलं. बहिणीचा फोटो दिसला, तो बघत राहिला. मग 'पुढे' दाबलं, तर कर्जाची जाहिरात. मागे आला, पुन्हा दाबलं, तर मोटारसायकल. एकदा दुसऱ्या पानापर्यंत पोचला, तिथे भाऊ म्हणून स्वतःचं नाव वाचलं, आणि पुढे पुन्हा कर्ज. लखनला फोन लावला. मयताच्या घरात कोण फोन उचलतो? म्हाताऱ्याने मनाशी हिशोब केला: आपल्याला यायला वेळ लागणार हे त्यांना ठाऊक आहे, संध्याकाळशिवाय काही हलवत नाहीत. मग तो दुकानात गेला. हिरवी साडी निवडायला त्याने वेळ घेतला. बहिणीला पोपटी आवडायची नाही, गडद हिरवी हवी, काठ बरे हवेत. दुकानदाराने चार उघडल्या, त्याने पाचवी मागितली. आपल्याकडे वेळ आहे, असं वाटणाऱ्या माणसासारखा तो वागला.

इकडे चार वाजले, पाच वाजले. ऊन मी म्हणत होतं. मामाचा फोन लागेना, दाबून दाबून त्याची बॅटरी कधीच संपली होती. जाणती माणसं म्हणाली, आता देह ठेवता यायचा नाही. थोरल्या सुनेने आपल्या कपाटातली साडी काढून दिली. चुनीलाल पिशवी घेऊन थेट तापीवर पोचला, तेव्हा चिता धडधडून पेटलेली होती. तो पिशवी छातीशी धरून उभा राहिला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. बाया नंतर म्हणाल्या, माहेर असून बिनमाहेरची गेली बिचारी. लखनने मामाशी बोलणं टाकलं.

हेमकांतला हे दोन दिवसांनी कळलं. कर्जाच्या जाहिरातीचं ऐकलं, तसा तो उठून मशीनसमोर बसला. त्याने तिथल्या तिथे वेळ पहिल्या पानावर आणली. त्याच आठवड्यात कंपनीचा मेल आला: वाचकांचा वेळ वाढला आहे, अभिनंदन. रोखलेले सगळे पैसे जमा झाले. मोहिनीने पोत घातली, आरशात बघितली, आणि नवऱ्याचा चेहरा बघून पदराआड केली.

गंधमुक्तीला तो गेला. जायची जबरदस्ती नव्हती, पण त्याला सांगून टाकायचं होतं. मांडवात माणसंच माणसं. चुनीलाल एका कडेला, गोठ्याच्या भिंतीला टेकून एकटा बसलेला, ती पिशवी अजून मांडीवर. हेमकांत त्याच्यासमोर बसला आणि त्याने नाव सांगितलं.

"तू व्हय!" म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. "तू बरोबर लिखेल व्हतं रे. मालेच समजनं नही. आंगठा जाड शे मन्हा. दाबू तठे कर्जच निंघे. मन्हीच चूक शे."

"नही बाबा. चूक मन्ही शे." हेमकांत म्हणाला. "येळ मीच मांगे टाकी. पैसासाठे. लोके जास्ती थांबाले पाह्यजेत म्हनीसन."

 चुनीलालचे डोळे भरले. "भला मानूस शे तू. मन्हं पाप आपला माथावर काब्र लेस?"

हेमकांत उठला, त्याने लखनला गाठलं, चार माणसांदेखत तेच सांगितलं. एकेक शब्द उचलून सांगितला. लखनने ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"भाऊ, मामाची बाजू घेऊ नका. तेच पान गावभर गेलं. सुरतेहून सारे वेळेवर आले. मामाची पोरगीबी सासरहून आली, तुमचंच पान बघून. एक सख्खा भाऊ नाही आला." त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. तुम्हाला काय दोष देऊ? चला, जेवायला बसा."

हेमकांतला हाताला धरून पंगतीत बसवलं. शेजारी कुणीतरी चुनीलालला आणून बसवलं. लखन स्वतः वाढायला निघाला. त्याने हेमकांतच्या पानात आग्रहाने दोनदा वाढलं, चुनीलालच्या पानासमोर हात आखडला आणि पुढे गेला.