फुगेपर्यंत हात लावायचा नाही

शेलूबाजारच्या हायवेवर मी जीपमध्ये बसलो, तेव्हा मायने खिडकीतून माझं मनगट धरून ठेवलं होतं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. बाबा तिच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे. "सोड आता त्याले. सारखा हात लावून राह्यली," ते तिला म्हणाले. मला नुसतं "जय भीम", रस्त्यात भेटलेल्या कोणालाही म्हणतात तसं. पोरगं परदेशी चाललं आणि हा माणूस खांबासारखा उभा! माझ्या मांडीवर रोडगे होते, घट्ट कणकेचे गोळे, त्यांनीच पहाटे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजलेले, फडक्यात बांधलेले, अजून गरम. वाशीम येईपर्यंत मी रडलो, पण ते रागाने.

सात वर्षं मी तो राग डब्लिनमध्ये सांभाळला. दवाखान्याच्या लॅबमधली शिफ्ट, भाड्याचा फ्लॅट, रविवारचा व्हिडिओ कॉल, त्यात बाबांचं "बरं आहे" एवढंच. मग यंदा सुट्टी मिळाली आणि माय फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाचे दात गेले. लोकायले रोडगे करून देते न् सोता वरणात भाकर कुस्करते." हे मात्र मला लागलं. गावात कोणाकडेही रोडग्यांचं जेवण असलं की बोलावणं बाबांना यायचं. आरात रोडगा कधी फिरवायचा ते त्यांनाच कळे.

इकडे जेवणासोबत गोल, मऊ पाव ठेवतात, डिनर रोल म्हणतात. मी ठरवलं, बाबांना चावेल असा गोल गव्हाचा घास आपल्या हातचा द्यायचा. कोणावर रागावलो होतो तेही मी विसरलो नव्हतो, पण भूक ही वेगळी गोष्ट आहे.

आता आमच्या घरी पाव म्हणजे ताप आल्यावर चहात बुडवून खायची वस्तू. मला येत होतं ते रोडग्याचं पीठ भिजवणं. तसंच घट्ट मळलं. त्यात अधीर स्वभाव. दर पाच मिनिटांनी फडकं उचल, बोट खुपस, जागा बदल. ओव्हनमधून निघाले ते गोफणीत घालून पाखरं हाकलावीत असे. दुसऱ्या खेपेलाही तेच. लॅबमधल्या एका आजीबाईने हसून समजावलं, पीठ सैल भिजव, उबेत झाकून ठेव आणि मग त्याला हात लावू नकोस.

ते शेवटचं सगळ्यात अवघड. मायची गोधडी भांड्याला गुंडाळली, हीटरजवळ ठेवली आणि स्वतःलाच घराबाहेर काढलं. दोन तासांनी आलो तर कणकेने झाकण उचललं होतं! मी फरशीवर बसून बघतच राहिलो. पीठ, पाणी, चमचाभर यीस्ट. कोणी हात लावला नव्हता आणि ते दुप्पट झालं होतं.

एप्रिलमध्ये घरी गेलो. आमच्या उन्हात अर्ध्या तासातच पीठ वर यायला लागलं. बाबा पिठाच्या पातेल्यासमोर, आमच्या गंजासमोर, उकिडवे बसले ते हललेच नाहीत. कणकेवर एक बुडबुडा आला, फुटला.

"हे जितं आहे का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "जलमभर गहू पेरला, कापला. त्याले दम घेताना नाई पाह्यलं कई."

त्यांचा हात पुढे गेला. "बाबा, हात नका लावू," मी म्हणालो. हात थांबला, मागे गेला.

"लय जिवावर येते," ते म्हणाले. मग कणकेकडेच बघत, "तुले जीपमंदी बसवलं तई बी असेच हात शिवशिवत होते माहे. मनलं, आपुन लावला तं हे पोरगं उतरून येते."

मायने वांग्याच्या भाजीचा कांदा जरा जास्तच वेळ चिरला.

फुगलेल्या कणकेचे गोळे गंजात मांडले; खाली आर, झाकणावर आर. आर कधी काढायचा ते बाबांनीच सांगितलं. पाव तोडून भाजीत बुडवला, हिरड्यांनी चावला, डोळे मिटले. "मऊ झाला," म्हणाले. चार खाल्ले.

निघताना पुन्हा तोच हायवे. माय मनगट धरून, बाबा मागे, हात पाठीशी, "जय भीम". मीही "जय भीम" म्हणालो. ड्रायव्हरने जीप वळवली आणि ती त्यांच्या पाठीमागून निघाली, म्हणून या वेळी मला दिसलं. पाठीमागे बाबांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च आवळून धरलं होतं.

घर म्हणजे काय असं इकडे कोणी विचारलं, तर मला ते मनगट आठवतं.